रशीदभाईंचा हलवाई

अमरावतीतलं आमचं तळघर अजून चालू आहे. ते चालू आहे ते रशीदभाईंमुळे, आणि रशीदभाई आता तिथे येत नाहीत. नवीन आलेली पोरं विचारतात, हे हलवाई हलवाई काय लावलंय तुम्ही? दर वेळी पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा येतो. अर्धं सांगून झालं की पोरं मोबाईलमध्ये बघायला लागतात आणि मग माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो, ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

तळघर म्हणजे जयस्तंभ चौकाच्या मागे, एका जुन्या कॉम्प्लेक्सच्या खाली तायडेकाकांनी चालवलेलं गेम पार्लर. वर काकांचं झेरॉक्सचं दुकान; खाली मोठा टीव्ही, गेमचं मशीन, दोन रिमोट, बाकं आणि एक कूलर. उन्हाळ्यात निम्मी गिऱ्हाइकं गेमसाठी नव्हे, कूलरसाठी येत. गेम एकच, मारामारीचा. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि एक आडवा होईपर्यंत एकमेकांना हाणतात. त्यात पंधरा-वीस लढणारे, आपल्याला हवा तो निवडायचा. हरला तो उठला, जिंकला तो बसला.

या लढणाऱ्यांची मूळ नावं परदेशी, आमच्या जिभेवर ती कधी बसली नाहीत. आम्ही त्यांना गडी म्हणायचो, बाई असली तरी गडीच, आणि नावं आमची आम्ही ठेवली. पैलवान, साधू, तिरंदाज. पतंग नावाची एक सडपातळ पोरगी होती, उडी मारली की खाली यायचं नाव घेत नसे. ती सगळ्यांनाच हवी असायची. एकदा तिच्यावरून दोन पोरांची खरीखुरी मारामारी झाली आणि एक रिमोट भिंतीवर आपटून फुटला. त्या दिवशी काकांनी कायदा केला. एका माणसाचा एक गडी. दुसऱ्याचा घ्यायचा असेल तर ज्याचा आहे त्याला आधी विचारायचं, तो हो म्हणाला तरच हात लावायचा. असा नियम जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे मात्र तो मुकाट्याने पाळला गेला, कारण नवा रिमोट आणायला काका तयार नव्हते.

रशीदभाई या कायद्यानंतर आले. परतवाड्याला त्यांचं सीट कव्हरचं दुकान. जीपच्या, मोटरसायकलच्या, ट्रॅक्टरच्या सीटा शिवायच्या. रेक्झिन आणि फोम न्यायला ते आठवड्यातून एकदा अमरावतीला येत, आणि माल बांधून होईपर्यंत कुठेतरी टेकायचं म्हणून एका मे महिन्यात आमच्या पायऱ्या उतरले. उंच माणूस, शिलाई मशीनवर वाकून वाकून खांदे पुढे आलेले, शर्टावर दोऱ्याचे तुकडे. कोणाचा तरी बाप पोराला शोधत आला असं वाटून दोघं जण बाकामागे लपले. रशीदभाई कोणाकडे न बघता कूलरसमोर बसले, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने एक डोळा उघडून टीव्हीकडे बघायला लागले.

संदीप तेव्हा आमच्यातला सगळ्यात चांगला खेळणारा. इंजिनिअरिंगला होता, पतंग त्याची होती. त्यानेच रिमोट पुढे केला. "चाचा, खेळता का?"

"चाचा कोणाले म्हणतं? भाई म्हण."

"बरं, भाई. खेळता का?"

"खेळतो. पन हे धरा लागते कसं?"

संदीपने त्यांना रिमोट कसा धरायचा इथपासून शिकवलं. कोणता अंगठा कुठे, कोणतं बोट मोकळं. मग गडी निवडायची वेळ आली. सगळे गडी कोणाचे ना कोणाचे झालेले. उरला होता एकच. तो जाडा, उघड्या दंडाचा, पोटाशी मळका एप्रन बांधलेला. त्याला आम्ही हलवाई म्हणायचो, कारण तो कढईसमोर उभा असल्यासारखा उभा राहायचा. चालायला मंद, हात आखूड, उडी मारली तर धप्पकन जिथल्या तिथे. एकच गुण, समोरचा एकदा हातात सापडला तर सुटत नसे. पण सापडणार कसा? कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

"हा कोणाचा हाये?" रशीदभाईंनी विचारलं.

"कोणाचाच नाही."

"मंग द्या."

असा हलवाई रशीदभाईंचा झाला, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणत्याही गड्याला हात लावला नाही.

त्यांचं खेळणं बघणाऱ्याला जांभया आणणारं होतं. पहिला राऊंड ते जवळजवळ देऊनच टाकत. हलवाई एकेक पाऊल मागे, एकेक पाऊल मागे, मार खातोय, आणि रशीदभाई मान किंचित तिरपी करून समोरच्याकडे बघतायत. पडद्यावरच्या नव्हे, शेजारी बाकावर बसलेल्या माणसाकडे. "पयले माणूस पाहा, बटन मंग पाहा," हे ते सगळ्यांना सांगत. दुसऱ्या राऊंडला त्यांना कळलेलं असायचं की हा घाबरला की उडी मारतो, तो चिडला की धावून येतो. मग हलवाई आपल्या जागी उभा राहायचा आणि तो माणूस स्वतःहून त्याच्या हातात येऊन पडायचा. कोणी मागून "भाई, मारा ना, मारा ना" असा गलका केला की ते पडद्यावरची नजर न काढता म्हणत, "घाई कोणाले हाये?"

माणूस गोड होता असं मात्र समजू नका. फार खडूस. रिमोटला हात लावण्याआधी हात धुवायचे हा त्यांचा स्वतःचा कायदा, आणि तो ते दुसऱ्यांवर लादायचे. एका कॉलेजच्या पोराने चिवडा खाऊन तेलकट बोटांनी रिमोट उचलला, तर रशीदभाईंनी त्याचं मनगट धरून त्याला पायऱ्या चढवून वर नळापर्यंत नेलं आणि साबण लावेपर्यंत शेजारी उभे राहिले. पोरगा इतका घाबरला की हात धुऊन तसाच घरी गेला. पुढच्या आठवड्यात रशीदभाईंनी दोन्ही रिमोटना कव्हर शिवून आणली. मरून रेक्झिनची, कडेने दुहेरी टीप. दिसायला सुंदर होती. पण अंगठा इतका सटकायचा की अख्खं तळघर भलतीच बटणं दाबायला लागलं. सांगणार कोण? शेवटी काकांनी ती हळूच काढून वरच्या दुकानात नेऊन ठेवली. रशीदभाई आले, उघडे रिमोट बघितले, हात धुतले आणि खेळायला बसले.

आता त्यांच्या एका गड्याबद्दल. मी स्वतः पाच गडी बाळगून आहे, हे आधी सांगायला हवं. मी काही एकाच जागी टिकणारा माणूस नाही. औषध कंपनीचा माणूस म्हणून तालुके पालथे घातले, विमा विकला, क्लास काढून पाहिला, सध्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. गेममध्येही माझं तेच. आणि मला ते बरोबरच वाटतं. या गेमची मेख अशी आहे की प्रत्येक गड्याला खाणारा एक गडी असतोच. पैलवानाला साधू खातो, साधूला पतंग खाते, आणि हलवायाला तर तिरंदाज असा खातो की बघवत नाही. तिरंदाज लांब उभा राहून बाण सोडतो, हलवाई बिचारा चालत चालत त्याच्यापर्यंत पोचायच्या आत अर्धमेला. मग एकाच गड्याला कवटाळून बसायचं कशाला? समोर तिरंदाज आला की आपण पतंग काढावी, बाणांच्या वरून जावं. हे मी रशीदभाईंना शंभरदा सांगितलं असेल.

"माहा गडी हलवाई हाये," ते म्हणायचे. झालं, विषय संपला.

आम्ही समजायचो, हट्टी आहेत. एकमार्गी आहेत. ज्याच्याकडे एकच गडी असतो त्याला तो गडी आतून बाहेरून कळतो, हेही खरंच होतं. कंपनी मधूनमधून गेममध्ये बदल करते, कोणाची ताकद वाढवते, कोणाची कमी करते. असाच एकदा बदल आला आणि रशीदभाई पहिल्या पकडीतच थांबले. "याचा हात आखूड केला कोनतरी." आम्ही हसलो. "भाई, तुम्ही म्हातारे झालात." संध्याकाळी एकाने बदलांची माहिती शोधून वाचली, हलवायाच्या पकडीची लांबी खरंच कमी केली होती. आधीच कमजोर गडी, त्यात हे. मी म्हटलं, आता तरी सोडा त्याला. ते म्हणाले, "हात आखूड झाला तं काय, जवळ जाऊ अजून."

पण हट्टी म्हणावं तर पटायचंही नाही. औषधांच्या कामाला परतवाड्याला गेलो की मी त्यांच्या दुकानात बसायचो. बाहेर चिखलदऱ्याच्या जीपा लागलेल्या, आत रेक्झिनचा वास आणि मशीनची घरघर. तिथे हाच माणूस येईल तसलं काम करायचा. एका जीपवाल्याला पाठीवर मोर हवा होता, त्याला मोर शिवून दिला. व्यायामशाळेचं बाक, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, नवरदेवाच्या घोड्याची झूल. चहासुद्धा ज्या टपरीवाल्याने हाक मारली त्याचा. मी एकदा विचारलंच. "रशीदभाई, इथे वीस तऱ्हा करता. तिथे एकच गडी काहून?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "इथं गिऱ्हाईक येऊन सांगते. तिथं कोन सांगते?"

मला काहीच कळलं नाही, आणि मी समजल्यासारखी मान हलवली.

मग एकेक जण गेला. आमच्याकडची शिकलेली पोरं कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. संदीप पुण्याला गेला. पैलवानवाला नागपूरला, साधूवाला हैदराबादला. जाताना प्रत्येक जण दिवाळीला येतो म्हणून गेला. पहिल्या दिवाळीला आलेही, तळघरात उतरले, दोन राऊंड खेळले, फोटो काढले. मग तेही थांबलं. बाकीच्यांनी घरी मशीनं घेतली. तळघरात मी, रशीदभाई, आणि शाळा बुडवून येणारी चार पोरं एवढेच राहिलो. त्या पोरांना काकांचा कायदा माहीतही नव्हता. मीही मोकळ्या पडलेल्या गड्यांना हात घालायला लागलो, माझे पाच त्यातूनच झाले. मी नवा गडी उचलला की रशीदभाई विचारायचे, "थो कोणाचा हाये?" मी म्हणायचो, "अहो, तो हैदराबादवाल्याचा होता." ते "हं" म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारपण, आठवत नसेल.

वर्षातून एकदा अकोल्याचा सामना असायचा. अमरावती आणि अकोला, दोन गावांची जुनी खुन्नस, एका वर्षी ते यायचे, एका वर्षी आम्ही जायचो. पूर्वी दहा-दहा जण असत आणि भजी कमी पडत. आता तिकडे नितीन नावाच्या पोराने नवी टोळी उभी केली होती आणि इकडून आम्ही दोघंच उरलो होतो. सामने तिकडेच होऊ लागले आणि आम्ही ओळीने हरत आलो. शेवटच्या वर्षी नितीनने फोनवर तोंडावर सांगितलं. "मंगेशभाऊ, राग नोका मानू, पन तुमी दोघंच येता अन् हारून जाता. आमचे पोट्टे कंटायले. यंदा जिंकले तं पुढच्या वर्षी बोलावतो, नाही तं राहू द्या मंग."

हे मी काकांच्या कानावर घातलं. काका थकलेले होते, गुडघे गेले होते, पायऱ्या उतरणंही बंद केलं होतं. ते म्हणाले, "अकोल्याचं बंद झालं तं मीही तळघर गोडाऊनले देतो. चार पोट्ट्यायसाठी कोठवर कूलर लावू?"

रशीदभाई तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "गोडाऊन करान," ते काकांना म्हणाले, "मंग सगळे परत आले तं बसतीन कोठी?"

सगळे परत येणार आहेत असं तोपर्यंत फक्त रशीदभाईच धरून चालले होते, हे मला तेव्हा कळलं.

सामन्याच्या रविवारी सकाळच्या बसने आम्ही अकोल्याला गेलो. बडनेरा सोडल्यावर एकदाच म्हणाले, "यंदा हारून नाही चालत, मंगेश." मी म्हटलं, "मग तिरंदाज आला तर हलवाई घेऊ नका." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

नितीनने एका क्लासचा हॉल घेतला होता. पंधरा-वीस पोरं, भिंतीवर गणिताची सूत्रं, पुढे टीव्ही. दोघांविरुद्ध दोघं. मी पहिला उतरलो, त्यांच्या एकाला बाद केलं, आणि नितीनने मला बाद केलं. तोही माझ्यासारखाच, पाच-सहा गडी हाताशी, समोरचा बघून बदलणारा. फक्त माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरुण. आता नितीन आणि रशीदभाई. तीन डाव, ज्याचे दोन त्याचा सामना. हरलेल्याला पुढच्या डावाआधी गडी बदलायची मुभा.

नितीनने तिरंदाज काढला. रशीदभाईंनी हलवाई. पुढचं सांगायला नको. हलवाई चालत राहिला, बाण खात राहिला. एकदा अगदी हाताशी पोचला, रशीदभाईंनी पकड टाकली, आणि तो कंपनीने आखूड केलेला हात तिरंदाजाच्या छातीपाशी येऊन रिकामा मिटला. हॉलमधली पोरं "ओऽऽ" करून हसली. डाव गेला.

मी त्यांच्या कानाशी लागलो. "भाई, पाया पडतो. पतंग घ्या. तुम्हाला तिची एकेक खोड माहीत आहे, इतकी वर्षं तिच्याकडून मार खाल्लाय. एवढा सामना गेला तर तळघर गेलं."

ते माझ्याकडे वळले. चिडलेले नव्हते. जे उघड आहे तेच पुन्हा सांगावं लागतंय अशा चेहऱ्याने म्हणाले, "पतंग संदीपची हाये. त्याले विचारलं का तू?"

आधी मला वाटलं थट्टा करतायत. मग मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. हा माणूस हट्टी नव्हता. हलवायावर त्याचं काही जगावेगळं प्रेम होतं असंही नाही. बाकीचे गडी दुसऱ्यांचे होते आणि ते दुसरे विचारायला समोर नव्हते, म्हणून हा इतकी वर्षं त्यांना हात लावत नव्हता. गाव सोडून गेलेल्यांचे गडी त्याने जागच्या जागी ठेवले होते. एकमार्गी, हट्टी, काय काय म्हणालो होतो आम्ही.

नितीन म्हणाला, "काय झालं? घ्या ना काका कोनताबी."

"थांब," मी म्हटलं, आणि संदीपला फोन लावला. लागला. स्पीकरवर टाकला, कारण रशीदभाईंना ऐकायचं होतं. पलीकडे पाण्याचा आणि पोरांच्या ओरडण्याचा आवाज.

"बोल मंग्या. पटकन बोल, मुलीच्या स्विमिंगला आलोय."

"अकोल्यात आहोत. रशीदभाईंना तुझा गडी घ्यायचाय. विचारतायत."

"माझा काय?"

"गडी. तळघरातला."

तो हसला, मनापासून हसला. "अरे, तुम्ही अजून खेळता? कमाल आहे. कोणता होता रे माझा? पैलवान ना?"

रशीदभाई फोनवर वाकले. "पतंग होती."

"कोण, भाई का? हो का, पतंग? असेल, असेल. घ्या ना भाई, मला काय विचारायचंय त्यात! तब्येत बरी ना? या कधी पुण्याला." आणि मुलीला काहीतरी ओरडून त्याने फोन ठेवला.

रशीदभाई सरळ झाले. रिमोट मांडीवर होता. "इसरला थो," ते म्हणाले. मला नाही, कोणालाच नाही. मला फार वाईट वाटलं, आणि संदीपचा राग आला, आणि रागावण्यासारखं त्याने काय केलं होतं तेही मला सांगता येईना.

मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पतंग घेऊन राहिलो. दुसरा घेतला की पयला सोडा लागते. तायडेकाकाचं तसंच ठरलं होतं." काकांनी असंही ठरवलं होतं हे मी पार विसरलो होतो.

नितीन म्हणाला, "असं कोठी असते, काका? मी सहा घेऊन बसलो ना."

"तुमचं तुमाले. आमचं असं हाये."

पतंग पडद्यावर आली. सुरुवातीला रशीदभाईंची बोटं जुन्याच बटणांवर गेली, पतंग जमिनीवर उभी राहून हलवायासारखी हात पसरायला लागली आणि पोरं पुन्हा हसली. मग त्यांनी मान तिरपी करून नितीनकडे बघितलं, आणि पतंग उडाली. बाणांच्या वरून. तिरंदाजाच्या डोक्यावर, पाठीमागे, पुन्हा वर. संदीपसुद्धा इतका चांगला खेळत नसे. नितीनने डाव घालवला, गडी बदलून पैलवान काढला, तोही पडला. शेवटचा फटका बसला तेव्हा हॉलमधली अकोल्याची पोरंही उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी तर बाकावर चढलो होतो. तायडेकाकांना तिथूनच फोन केला. ते म्हणाले, "बरं बा, ठेवतो मंग चालू."

नितीनने हात पुढे केला. "मानलं काका. पुढच्या वर्षी या. पक्कं या."

रशीदभाईंनी हात मिळवला आणि तो सोडला नाही. "तू घेतं का हलवाई?"

"काय?"

"हलवाई. मोकळा झाला थो आता. हात आखूड हाये, पन सुटत नाही त्याच्यातून कोनी."

नितीन इकडेतिकडे बघून हसला. "नोको काका. लय जड हाये थो. कोन खेळते त्याले?"

त्यांनी पुढच्या पोराला विचारलं. मग त्याच्या पुढच्याला. एकेकासमोर उभं राहून, नीट, घरातलं स्थळ सांगावं तसं सांगून. कोणी हसलं, कोणी नको म्हणालं, एक जण घेतो म्हणाला आणि मित्राला डोळा मारला. ते रशीदभाईंनी बघितलं आणि पुढे गेले. शेवटी मला राहवेना. "भाई, मी घेतो. द्या मला."

"तू नोको," ते म्हणाले. "तुयाकडे गर्दी हाये."

आम्ही दोघं स्टँडकडे निघालो.

त्यांना अकोटवरून परस्पर परतवाड्याला जायचं होतं, मला अमरावतीला. अकोल्याच्या स्टँडवर त्यांची गाडी आधी लागली. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात या, काकांना पेढे देऊ. ते म्हणाले, "पाहू." पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. आता रेक्झिन ते ट्रान्सपोर्टने मागवतात. फोन केला की नीट बोलतात, येतो म्हणतात. मी जाऊन बसतो कधीमधी दुकानात. गेमचा विषय ते काढत नाहीत आणि मीही काढत नाही. पण मला रशीदभाई आठवतात ते त्या दुकानातले नाहीत.

त्या दिवशी अकोल्याच्या स्टँडवरची ती गाडी भरलेली होती. रशीदभाईंना मधल्या बाकावर, खिडकीशी जागा मिळाली. शेजारी एक पंचविशीचा माणूस, मांडीवर बॅग, हातात आडवा धरलेला मोबाईल, दोन्ही अंगठे चाललेले. मी खाली उभा राहून हात केला, पण रशीदभाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते त्या माणसाच्या अंगठ्यांकडे बघत होते. कंडक्टरने घंटा मारली, गाडी मागे येऊ लागली, तेव्हा त्यांनी त्याच्या दंडाला हलकेच बोट लावलं आणि काहीतरी विचारलं. त्याने एका कानातला इअरफोन काढला, वाकून ऐकून घेतलं, आणि नाही म्हणून मान हलवली.